किलोवॉटच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण कुठे सांभाळायचे?

झवेरी बाजारात दागिन्यावर सहा अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक कोरणारे यंत्र घ्या किंवा वसईच्या एखाद्या गाळ्यात पोलादाचा पत्रा कापणारे यंत्र घ्या, दोन्हींच्या पोटात आज बहुधा फायबर लेझरच, म्हणजे काचेच्या तंतूतच प्रकाश वाढवणारा लेझर, असतो. पहिला वीस-तीस वॉटचा आणि दुसरा काही किलोवॉटचा, एवढाच फरक. या दोन्ही ठिकाणी प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरीचे विद्युतक्षेत्र ज्या दिशेने कंप पावते ती दिशा, कोणते आहे, याची चौकशी कोणी करत नाही. पत्रा कापताना तर ते यादृच्छिक असणेच सोयीचे पडते. जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा प्रकाश रेषीय ध्रुवित असे, त्यामुळे एका दिशेने कापताना चीर सरळ येई आणि काटकोनात वळल्यावर तिची धार बदले. म्हणून वाटेत खास आरसा बसवून तो प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करून घ्यावा लागे. साध्या फायबर लेझरने ती कटकट आपोआप मिटवली.

ज्या कामांत ध्रुवीकरणावाचून पाऊलही पुढे पडत नाही, ती कामे निराळी आहेत. १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश स्फटिकातून नेऊन त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश करायचा असेल, तर स्फटिकाच्या अक्षाशी ध्रुवीकरण नेमके जुळलेले लागते. आणि तांब्याच्या वेल्डिंगसाठी हिरवा प्रकाश सोयीचा पडतो, कारण अवरक्त प्रकाशाचा बहुतांश भाग तांबे सरळ परतवून लावते. अनेक फायबरांमधले झोत कलेसह (म्हणजे लहरींचे चढ-उतार एकाच वेळी येतील असे) जुळवून त्यांचा एकच झोत करायचा असेल, तर प्रत्येक झोताचे ध्रुवीकरणही एकच असावे लागते. एखादा झोत १० अंशांनी कलला, तर त्याची सुमारे ३ टक्के शक्ती बेरजेत येतच नाही. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांचेही तसेच आहे. हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या ज्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, त्याच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांमध्येही १०६४ नॅनोमीटरचा, रेषीय ध्रुवित आणि अत्यंत स्थिर प्रकाश लागणार आहे. सध्याच्या लायगोत त्यासाठी घन स्फटिकांचे लेझर वापरतात. पुढच्या पिढीच्या वेधशाळांसाठी फायबर अ‍ॅम्प्लिफायरचा विचार गंभीरपणे चालू आहे.

या विषयात काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, आणि ते सविस्तर मांडावे यासाठी हा लेख. शक्तिशाली फायबर लेझरचे ध्रुवीकरण किलोवॉटच्या टोकाशी सुधारता येत नाही. ते मिलिवॉटच्या टोकाशीच, म्हणजे पुढे वाढवायचा क्षीण प्रकाश जिथे सुरू होतो तिथेच, सांभाळावे लागते. बाहेर पडणाऱ्या झोतासमोर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचे ध्रुवीकरण पुढे जाऊ देणारे उपकरण, ठेवला, तर चुकीच्या दिशेची शक्ती फक्त वेगळी काढली जाते. ती परत मिळत नाही, उलट शेकडो वॉट कुठे जिरवायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. क्वार्ट्झच्या तरंगपट्ट्या (ध्रुवीकरण बदलणाऱ्या चकत्या) एवढी शक्ती सहन करतात, पण ध्रुवीकरणाची स्थिती जागच्या जागी स्थिर असेल तरच त्यांचा उपयोग. स्थिती मिनिटागणिक सरकत असेल, तर पट्टी किती वेळा फिरवणार? आणि विजेच्या इशाऱ्यावर झटपट बदलणारी द्रवस्फटिकाची किंवा लिथियम नायोबेटची उपकरणे एवढ्या शक्तीपुढे टिकाव धरू शकत नाहीत.

ध्रुवीकरण मुळात सरकते का, हे घरच्या घरी पाहता येते. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, त्यापुढे कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरावी आणि पोलराइज्ड गॉगल हळूहळू फिरवत पट्टीकडे पाहावे. एरवी बिनरंगी दिसणाऱ्या त्या पट्टीत निळे, गुलाबी, पिवळे पट्टे उमटतात आणि पट्टी साच्यातून निघताना जिथे ताण अडकून राहिला, त्या कोपऱ्यांपाशी ते दाटीवाटीने येतात. ताणलेल्या पदार्थात दोन लंब दिशांचे अपवर्तनांक किंचित वेगळे होतात, म्हणून प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात आणि बाहेर पडताना त्यांच्या कलांमध्ये अंतर पडलेले असते. काचेच्या तंतूतही अगदी हेच घडते. फायबर गुंडाळला की ताण येतो, पकडीत धरला की ताण येतो, तापला की ताण येतो. गुंडाळीमुळे येणारे द्विअपवर्तन (दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला हा फरक) तंतूची त्रिज्या आणि गुंडाळीची त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे वाढते. दूरसंचाराच्या नेहमीच्या फायबरचा व्यास १२५ मायक्रॉन असतो, तर किलोवॉटच्या लेझरमधल्या फायबरचा बहुधा ४०० मायक्रॉन. म्हणजे त्याच स्पूलवर गुंडाळला तरी हा परिणाम दहापट होतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे फायबरलाच हट्टी बनवणे. पीएम (पोलरायझेशन मेंटेनिंग, म्हणजे ध्रुवीकरण जपणाऱ्या) फायबरमध्ये कोअरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या गाभ्याच्या, दोन्ही बाजूंना बोरॉनमिश्रित काचेच्या दोन कांड्या घातलेल्या असतात. फायबर ओढून थंड होताना या कांड्या भोवतालच्या सिलिकापेक्षा जास्त आकसतात आणि कोअरला कायमचे एका दिशेने ताणून धरतात. बाहेरून येणाऱ्या बारीकसारीक ताणांपेक्षा हा आतला ताण इतका मोठा असतो की, योग्य अक्षावर सोडलेला प्रकाश त्याच अक्षावर राहतो. १०६४ नॅनोमीटरला दोन्ही अक्षांवरचे घटक साधारण दर ३ मिलिमीटरला एकमेकांच्या तुलनेत पूर्ण एक तरंगलांबी मागेपुढे होतात. लेझरच्या सक्रिय फायबरमध्ये या कांड्यांचा आणखी एक फायदा मिळतो: क्लॅडिंगमधून (कोअरभोवतीच्या काचेतून) फिरणाऱ्या पंपाच्या, म्हणजे लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या, प्रकाशाची गोल सममिती त्या मोडतात आणि तो प्रकाश कोअरला टाळून नुसता कडेकडेने फिरत राहत नाही. शिवाय फायबर पुरेशा घट्ट वळणात गुंडाळला, तर जलद अक्षावरचा प्रकाश मंद अक्षावरच्या प्रकाशाच्या आधी गळू लागतो आणि गुंडाळीच काही प्रमाणात पोलरायझरचे काम करू लागते.

मात्र, "योग्य अक्षावर सोडलेला" या तीन शब्दांत सगळी मेख आहे, आणि म्हणून मला स्प्लायसिंगबद्दल, म्हणजे फायबरची टोके वितळवून जोडण्याबद्दल, थोडे थांबून लिहायचे आहे. पीएम फायबर जोडताना स्प्लायसर दोन्ही टोके समोरासमोर आणतो, पडद्यावर प्रत्येक टोकाच्या कांड्या दोन ठसठशीत वर्तुळांसारख्या दिसतात, आणि एक टोक स्वतःभोवती फिरवत दोन्हींची वर्तुळे एका रेषेत आणावी लागतात. इथे कोनाची चूक एक अंशाची झाली तर ध्रुवीकरणाचे गुणोत्तर, म्हणजे योग्य आणि चुकीच्या अक्षावरच्या शक्तींचे प्रमाण, ३५ डेसिबलवर थांबते. पाच अंशांची झाली तर ते २१ डेसिबलवर येते. २० डेसिबल म्हणजे शंभराला एक. मिलिवॉटच्या टप्प्यात हे प्रमाण नगण्य वाटते, पण तोच प्रकाश पुढे वाढत वाढत एक किलोवॉट होतो, तेव्हा चुकीच्या अक्षावर दहा वॉट उभे असतात आणि दहा वॉट नको त्या जागी पडले तर गोंद जाळायला आणि आवरण वितळवायला ते पुरेसे असतात.

त्याहून कावेबाज गोष्ट अशी की, जोड दोन असतील तर त्यांच्या चुका नुसत्या एकमेकींत मिळवून उत्तर येत नाही. वर्णपट अरुंद असलेल्या लेझरमध्ये दोन जोडांपाशी चुकीच्या अक्षावर गेलेले प्रकाश एकमेकांशी व्यतिकरण करतात. समजा दोन्ही जोडांत तीन-तीन अंशांची चूक आहे. कला जुळल्या तर ती सहा अंशांच्या चुकीसारखी वागते आणि गुणोत्तर २० डेसिबलच्याही किंचित खाली जाते. कला विरुद्ध असल्या तर दोन्ही चुका एकमेकींना खोडतात आणि मीटर विलक्षण चांगला आकडा दाखवतो. या दोन टोकांमधले अंतर तापमान ठरवते. आतला ताण मुळातच थंड होताना निर्माण झालेला असल्यामुळे फायबर तापला की तो कमी होतो, साधारण अंशामागे हजारात एक भाग. जोडांमध्ये दहा मीटर फायबर असेल, तर त्यात तीन हजारांवर तरंगांचे मागेपुढे होणे सामावलेले असते. म्हणजे तापमान एका अंशाने बदलले तरी कलेचे तीनेक पूर्ण फेरे होतात. जोड तपासताना अनुभवी तंत्रज्ञ फायबरच्या गुंडाळीजवळ नुसता तळहात नेतात आणि मीटरकडे पाहत राहतात. हाताच्या उबेने आकडा खालीवर डोलू लागतो, आणि त्या डोलण्यात जो सर्वांत वाईट आकडा दिसतो तोच वहीत लिहायचा असतो. एकदाच वाचलेल्या उत्तम आकड्यावर मी आजही विश्वास ठेवत नाही.

उष्णतेचा हिशेब आणखी मोठा आहे. इटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरला ९७६ नॅनोमीटरने पंप करून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश घेतला, तर प्रत्येक फोटॉनमागे सुमारे ८ टक्के ऊर्जा उष्णतेत जातेच. म्हणजे एक किलोवॉट काढताना काही मीटर लांबीच्या तंतूत ८० ते १०० वॉट उष्णता सोडली जाते. म्हणून फायबर ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवून खालून चिलरचे पाणी फिरवावे लागते. मुंबईत या पाण्याचे तापमान ठरवणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. जुलैमध्ये इथल्या हवेचे दवबिंदू तापमान २५ अंशांच्या आसपास असते. चिलर २० अंशांवर ठेवला आणि रात्री एसी बंद झाला, तर सकाळी पाटावर, जोडांवर आणि फायबरच्या टोकावर दव साचलेले असते, आणि अशा ओल्या टोकातून किलोवॉट सोडणे म्हणजे ते टोक गमावणे. म्हणून पावसाळ्यात चिलरचे तापमान चढवावे लागते, आणि ते चढवले की आतल्या कलांचे सगळे गणित उन्हाळ्यातल्यापेक्षा वेगळे होते. ज्या ठिकाणी हवा कोरडी आहे तिथल्या माणसांना ही अडचण सांगूनही पटत नाही.

पीएम फायबरची किंमत नुसती पैशांत मोजली जात नाही. अरुंद वर्णपटाच्या शक्तिशाली प्रकाशाला फायबरमध्ये पहिला अडथळा येतो तो उद्दीपित ब्रिलुआँ प्रकीर्णनाचा: प्रकाश स्वतःच काचेत ध्वनिलहर उभी करतो आणि तिच्यावरून मागे परततो. एकाच अक्षावर नांदणाऱ्या प्रकाशासाठी ही प्रक्रिया सर्वांत जोमदार असते, तर ध्रुवीकरण वाटेत भरकटत राहिले की ती साधारण दीडपट सौम्य होते. वर्णपट मुद्दाम काही गिगाहर्ट्झपर्यंत रुंद करून हा अडथळा पुढे ढकलता येतो, पण पुढे आडव्या मोडची (झोताच्या छेदातल्या आकृतीची) अस्थिरता वाट पाहत असतेच; ठरावीक शक्तीनंतर झोताचा आकार मिलिसेकंदांत हेलकावे खाऊ लागतो. अध्रुवित एकमोडी (झोताची एकच आकृती असलेल्या) फायबर लेझरने २००९ मध्येच १० किलोवॉटची मजल गाठली होती, आणि अरुंद वर्णपटाचे रेषीय ध्रुवित लेझर मात्र अजून काही किलोवॉटच्या पातळीवर झगडत आहेत. या तफावतीत वरच्या दोन्ही कारणांचा वाटा आहे.

दुसरा उपाय मला विचाराच्या दृष्टीने अधिक सुंदर वाटतो. फायबर साधाच घ्यायचा, त्याला ध्रुवीकरण हवे तसे फिरवू द्यायचे, आणि सुरुवातीला जो बीजप्रकाश सोडतो त्याचेच ध्रुवीकरण असे वेडेवाकडे करून सोडायचे की, वाटेतल्या सगळ्या उलथापालथीनंतर शेवटी तो नेमका रेषीय होऊन बाहेर पडेल. हे शक्य होते, कारण फायबर ध्रुवीकरणाची स्थिती कितीही फिरवत असला तरी मूळ माहिती पुसून टाकत नाही. बाहेर हवी असलेली प्रत्येक स्थिती मिळवून देणारी एक स्थिती आत असतेच. बीजप्रकाश काही मिलिवॉटचा असल्यामुळे तिथे विजेच्या इशाऱ्यावर फायबर दाबणारे पिझो चिमटे किंवा लिथियम नायोबेटची उपकरणे निर्धास्तपणे वापरता येतात. बाहेरच्या झोताचा कणभर नमुना घेऊन तो ध्रुवीकरणानुसार दुभंगतात, नको असलेल्या घटकावर फोटोडायोड ठेवतात, आणि नियंत्रक प्रत्येक चिमट्याचा व्होल्टेज एकाच वेळी किंचित यादृच्छिक बदलून पाहतो. डायोडवरचा प्रकाश कमी झाला तर त्याच दिशेने पुढे, वाढला तर उलट. सेकंदाला हजारो वेळा हे चालते, त्यामुळे चिलरच्या पंपाची धडधड किंवा टेबलाची कंपने त्याला गाठू शकत नाहीत. एक किलोवॉटहून जास्त शक्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरची कला आणि ध्रुवीकरण दोन्ही अशा रीतीने बांधून दाखवण्याचे काम २०१० मध्येच प्रसिद्ध झाले होते.

प्रत्यक्षात बारकावे खूप आहेत. हवा असलेला घटक वाढवत नेण्यापेक्षा नको असलेला घटक शून्याकडे नेणे नेहमी चांगले, कारण ९९ आणि ९९.५ यांतला फरक ओळखण्यापेक्षा १ आणि अर्धा यांतला फरक ओळखणे सोपे असते. नमुना घेणारा आरसा ४५ अंशांत ठेवू नये. त्या कोनात दोन्ही ध्रुवीकरणांची गळती वेगवेगळी असते, मग नियंत्रक एका खोट्या मापाच्या मागे लागतो आणि मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या जागी जाऊन थांबतो. आरसा जवळजवळ समोरासमोर ठेवावा. चिमट्यांचे व्होल्टेज कधीतरी शेवटच्या मर्यादेला टेकतातच, म्हणून गरजेपेक्षा एक-दोन चिमटे जास्त हवेत. म्हणजे एकाला सैल करताना बाकीचे तोल सांभाळतील. आणि नियंत्रकाची पकड क्षणभर सुटली तर पूर्ण किलोवॉट पोलरायझरच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडू शकतो, तेव्हा त्या दारापाशी तेवढी उष्णता पेलणारा पाण्याने थंड होणारा शोषक हवा आणि लेझर तत्काळ बंद करणारी साखळीही हवी.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. फायबरमध्ये मूळ मोडखेरीज वरचे मोड असतील, तर प्रत्येक मोड आपले ध्रुवीकरण आपल्या परीने फिरवतो, आणि बीजप्रकाश एकाच वेळी सगळ्यांचे समाधान करू शकत नाही. स्पंदरूपी लेझरमध्ये आणखी एक अडचण येते: लंबवर्तुळाकार ध्रुवीकरण प्रकाशाच्या तीव्रतेनुसार स्वतःच फिरते, म्हणून स्पंदाचा माथा एका दिशेला आणि त्याच्या कडा दुसऱ्या दिशेला, अशी स्थिती होते. तिथे कोणताही नियंत्रक स्पंद चालू असताना हे दुरुस्त करू शकत नाही आणि पीएम फायबरच घ्यावा लागतो.

अनेक झोत जुळवायचे असतील तर एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. ध्रुवीकरणाच्या सर्व स्थिती एका गोलाच्या पृष्ठभागावर मांडता येतात. फ्रेंच गणिती पॉइंकारेने ही मांडणी १८९२ मध्ये केली. बंगळूरमध्ये काम करणाऱ्या शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, वयाच्या जेमतेम बाविसाव्या वर्षी दाखवून दिले की, ध्रुवीकरण या गोलावर एक बंद फेरी मारून मूळ जागी परतले तरी प्रकाशाच्या कलेत बदल झालेला असतो आणि तो त्या फेरीने वेढलेल्या घनकोनाच्या निम्मा असतो. आपला नियंत्रक बीजप्रकाशाला त्या गोलावर सतत हिंडवत असतो. म्हणजे ध्रुवीकरण सांभाळताना तो कलेला धक्के देत असतो, आणि कलेचा नियंत्रक ते धक्के निस्तरत असतो. दोघांचे वेग एकमेकांपासून दूर ठेवले नाहीत तर दोघेही एकमेकांच्या मागे धावत बसतात. पंचरत्नम यांच्यासमोर स्फटिक होते, लेझर अजून जन्मालाही आलेला नव्हता. तरी त्यांनी काढलेला नियम आज या लेझरच्या इलेक्ट्रॉनिक्सची आखणी ठरवतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मग आपल्याकडे कोणता मार्ग धरावा? सलग चालणारा, वर्णपट अरुंद असलेला लेझर असेल आणि झोत एकमोडी असेल, तर साधा फायबर आणि बीजप्रकाशावर नियंत्रण हा मार्ग आपल्या प्रयोगशाळांनी अधिक धीटपणे चोखाळावा असे मला वाटते. मोठ्या कोअरचा सक्रिय पीएम फायबर बाहेरून मागवावा लागतो, तो महाग असतो, आणि एक जोड बिघडला की पुढचा तुकडा येईपर्यंत काम अडते. नियंत्रकाचे इलेक्ट्रॉनिक्स आणि त्याची प्रणाली मात्र इथे पवईत, तुर्भ्यात किंवा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत बसून लिहिता आणि जोडता येते. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी बदलताही येते. छोट्या शक्तीच्या, कारखान्यात वर्षानुवर्षे विनातक्रार चालायच्या यंत्रासाठी मात्र मी पीएम फायबरच सुचवेन, कारण तिथे नियंत्रकाची देखभाल करायला कोणी नसते.

दोन्हींपैकी कोणताही लेझर विकत घेताना किंवा बांधून झाल्यावर तपासताना ध्रुवीकरणाचा एकच आकडा मागू नये. थंड अवस्थेतून पूर्ण शक्तीवर नेल्यानंतर सलग तासभर त्या आकड्याची नोंद ठेवावी, मध्येच चिलरचे तापमान दोन अंशांनी वर न्यावे, पुन्हा खाली आणावे, आणि आलेखातला सर्वांत खालचा बिंदू कोणत्या क्षणी आला ते पाहावे. तो बिंदू शक्ती वाढवतानाच्या पहिल्या मिनिटांत आला तर फायबरचे तापणे तपासावे. चिलर बदलताना आला तर जोडांचे कोन तपासावेत. आणि दोन्हींशी संबंध नसताना अधूनमधून येत असेल, तर स्प्लायसर हातात घेण्याआधी फायबर कुठे सैल पडला आहे आणि पंपाच्या कंपनाने थरथरतो आहे का, ते बोटाने चाचपून पाहावे, अर्थात लेझर बंद करून.